आपसांत मिटवलेला अपघात : सांवेर तहसिलीतील एका शेतीव्यवसायाचे प्रकरण

शेतावर रोजाने येणारा मजूर हा आपला कर्मचारी नसतो, तो मुकादमाचा माणूस असतो आणि त्याला काही झाले तर माणुसकीच्या नात्याने जे देता येईल ते द्यावे, अशी समजूत इंदूरच्या आसपास शेती असलेल्या आपल्या अनेक कुटुंबांत अजूनही आहे. या समजुतीत माणुसकीचा भाग खरा आहे, कायद्याचा भाग मात्र खरा नाही. पुढील प्रकरण याच फरकाचे आहे. प्रसंग आणि माणसे अभ्यासासाठी जुळवलेली आहेत, त्यामुळे कोणाचे नाव दिलेले नाही. कायद्याच्या तरतुदी आणि हिशेबाची पद्धत मात्र २०२४ साली जशी लागू होती तशीच घेतली आहे.

कुटुंब इंदूरच्या रामबागेत राहणारे, जमीन जवळच्या सांवेर तहसिलीत, अडतीस बिघे. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू, लसूण आणि बटाटा. दोघे भाऊ मिळून शेती पाहतात. थोरल्यांना सगळे दादा म्हणतात आणि घरचा व शेतीचा हिशेब त्यांच्या पत्नी, म्हणजे धाकट्यांच्या वहिनी, लिहितात. लसूण आणि बटाटा शेतावरच्या शेडमध्ये निवडून, पोत्यांत भरून चोइथराम मंडीत जातो. वर्षभरासाठी दोन हाली (सालगडी) आणि हंगामात अलीराजपूरकडून मुकादमाने आणलेली दहा-बारा मजुरांची टोळी, अशी मनुष्यबळाची व्यवस्था वर्षानुवर्षे चालत आली होती. मुकादमाला पावसाळ्याआधी उचल द्यायची, त्याने ती टोळीत वाटायची आणि रोजातून कापून घ्यायची, हा ठरलेला रिवाज.

२०२४ च्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात, सोयाबीनची मळणी चालू असताना टोळीतील चाळीस वर्षांच्या एका बाईची उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट थ्रेशरमध्ये गेले. पावसाने ओल धरलेले पीक यंत्राच्या तोंडाशी अडकत होते, म्हणून पीक घालण्याच्या पन्हळीचा पुढचा झाकलेला भाग दादांनीच दोन दिवस आधी खोलून ठेवला होता. थ्रेशरच्या सुरक्षित पन्हळीचे माप मानकांत ठरलेले आहे : लांबी साधारण नव्वद सेंटिमीटर आणि त्यातला आतल्या बाजूचा निम्मा भाग वरून झाकलेला, म्हणजे माणसाचा हात कितीही पुढे गेला तरी दात्यांपर्यंत पोहोचत नाही. झाकण काढल्यावर ते अंतर एका हाताच्या आत येते. थ्रेशरमुळे होणाऱ्या अशा अपघातांसाठीच १९८३ साली केंद्राने धोकादायक यंत्रांविषयीचा स्वतंत्र कायदा केला, आणि त्याच्या व्याख्येत पहिले नाव यांत्रिक थ्रेशरचे आहे.

अपघातानंतर दोघा भावांनी जे केले त्यात कसूर काढण्यासारखे काही नाही. बाईला स्वतःच्या गाडीतून खासगी रुग्णालयात नेले, शस्त्रक्रियेचे आणि औषधांचे बासष्ट हजार रुपये भरले आणि तिच्या नवऱ्याला महिनाभर रामबागेच्या घरामागच्या खोलीत राहू दिले. गडबड झाली ती त्यानंतर. मुकादमाच्या मध्यस्थीने शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर एक लिखाण झाले : चाळीस हजार रुपये रोख मिळाले, उपचाराचा सर्व खर्च मालकाने केला, यापुढे आमचे काही मागणे नाही. खाली बाईच्या डाव्या हाताचा अंगठा, नवऱ्याची सही आणि दोन साक्षीदार. त्या लिखाणाने प्रकरण संपले असे दादांना वाटले. शेजारच्या शेतकऱ्यांनीही, एवढे कोण करते, असे म्हणून त्यांची पाठ थोपटली.

मार्च २०२५ मध्ये बाईच्या वतीने वकिलाची नोटीस आली. तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळाला होता. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते. मजूर गरीब आहे, कोर्टात कशाला जाईल, हा हिशेब आता चुकतो, तो यामुळे.

प्रश्न पहिला : ती कोणाची कर्मचारी?

दादांचे पहिले म्हणणे असे होते की त्यांनी बाईला कामावर ठेवलेच नव्हते. पैसे मुकादमाला दिले, बाईला कोणते काम द्यायचे ते मुकादमाने ठरवले. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात या म्हणण्याला उत्तर आधीच लिहून ठेवलेले आहे. जो माणूस आपल्या व्यवसायाचे नेहमीचे काम ठेकेदाराकडून करून घेतो, तो त्या ठेकेदाराच्या माणसांना झालेल्या इजेची भरपाई जणू ती आपलीच माणसे आहेत अशा रीतीने देण्यास बांधील असतो. दिलेली रक्कम ठेकेदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याला आहे, पण तो हक्क भरपाई दिल्यानंतरचा. अलीराजपूरच्या मुकादमाकडून दोन लाख वसूल होण्याची शक्यता किती, हे दादांनाही ठाऊक होते. मळणी हे शेतीव्यवसायाचे नेहमीचे काम नाही, असे तर कोणीच म्हणू शकत नव्हते.

दुसरे म्हणणे होते की ती कायमची नव्हती, हंगामी होती. २००० सालच्या दुरुस्तीपर्यंत या कायद्यात तात्पुरत्या स्वरूपाच्या मजुरांना काही अंशी वगळलेले होते, आणि जुन्या पिढीच्या मनात तेच बसलेले आहे. ती सूट त्या दुरुस्तीने गेली. कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात जमिनीची मशागत, जनावरांचे पालन आणि यंत्रशक्तीने किंवा विजेने चालणाऱ्या साधनांनी केलेली शेती ही कामे स्पष्टपणे समाविष्ट आहेत. कूपनलिकेची (ट्यूबवेलची) दुरुस्ती करणारासुद्धा त्यात येतो. ज्या दिवशी अपघात झाला त्या दिवशी ती कोणाचे काम करत होती, एवढेच पाहिले जाते.

तिसरे म्हणणे धाकट्या भावाचे : पदर सावरण्याच्या नादात तिने हात पुढे केला, म्हणजे चूक तिची. या कायद्यात मजुराचा निष्काळजीपणा हा बचाव होत नाही. तो दारूच्या अमलाखाली असेल, किंवा सुरक्षेसाठी दिलेली स्पष्ट आज्ञा त्याने जाणूनबुजून मोडली असेल, किंवा सुरक्षेचे साधन त्याने स्वतः हेतुपुरस्सर काढले असेल, तरच मालकाला सुटता येते. आणि मृत्यू वा संपूर्ण कायम अपंगत्व आले असेल तर या कारणांनीही सुटता येत नाही. येथे झाकण काढणारा हात मालकाचा होता. मला विचाराल तर या प्रकरणातील सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे, स्टँप पेपर नव्हे. भरपाईचा कायदा बोटे गेल्यानंतर लागू होतो. झाकण जागेवर असते तर त्याची गरजच पडली नसती.

प्रश्न दुसरा : त्या स्टँप पेपरचे काय?

आपल्याकडे लिहून घेतलेल्या कागदावर फार विश्वास असतो, म्हणून हा मुद्दा सविस्तर पाहणे आवश्यक आहे. कायद्यानुसार मिळणारा भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा कोणताही करार, तेवढ्या भागापुरता, निरर्थक ठरतो. म्हणजे "यापुढे काही मागणे नाही" हे वाक्य साक्षीदारांसह लिहिले, नोटरी केले, तरी त्याने मालकाची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही.

यापुढची तरतूद तर फारच थोड्या लोकांना माहीत असते. मृत्यूची भरपाई, आणि स्त्रीला किंवा कायद्याने अक्षम असलेल्या व्यक्तीला एकरकमी द्यायची भरपाई, ही थेट हातात देता येत नाही. ती नुकसानभरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागते आणि आयुक्त ती पुढे देतात किंवा तिच्या हितासाठी गुंतवतात. थेट दिलेले पैसे कायद्याच्या दृष्टीने भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. यामागचे कारण या प्रकरणातच दिसले : चाळीस हजारांतले अकरा हजार मुकादमाने उचलीपोटी तिथल्या तिथे कापून घेतले होते, आणि बाईच्या हाती किती आले याविषयी नवरा-बायकोचेही एकमत नव्हते. पुरुष मजुराशी तडजोड करता येते, परंतु त्या कराराचे ज्ञापन, म्हणजे लेखी टिपण, आयुक्तांकडे नोंदवावे लागते. रक्कम अपुरी असेल किंवा दबावाने ठरली असेल तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. नोंदवले नाही तर मालक पूर्ण भरपाईला बांधील राहतो आणि आधी दिलेल्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक वजावट, आयुक्तांनी वेगळे सांगितल्याखेरीज, त्याला मिळत नाही.

बासष्ट हजारांचा रुग्णालयाचा खर्च भरपाईत धरावा, अशी दादांची मागणी होती. तीही टिकणारी नव्हती. कामामुळे झालेल्या इजेच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानेच सोसायचा असतो आणि तो भरपाईच्या रकमेतून वळता करता येत नाही.

प्रश्न तिसरा : रक्कम किती?

येथे वहिनींच्या वहीचे महत्त्व लक्षात येते. अंशतः कायम अपंगत्वाची भरपाई तीन गोष्टींवर ठरते. आधी संपूर्ण कायम अपंगत्वाची रक्कम काढायची : मासिक वेतनाचे साठ टक्के गुणिले वयानुसार परिशिष्टात दिलेला गुणक, ही रक्कम १,४०,००० रुपयांहून कमी धरता येत नाही. मग त्या रकमेवर इजेची ठरलेली टक्केवारी लावायची. एका हाताची दोन बोटे गेल्यास ती २० टक्के आहे. चाळीस वर्षे वयाला गुणक १८४.१७. हिशेबात धरायच्या मासिक वेतनाची कमाल मर्यादा जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये होती, पण आपल्या मजुरांच्या बाबतीत ती मर्यादा क्वचितच आड येते.

वाद झाला तो मासिक वेतनावर. रोजाने काम करणाऱ्याचे मासिक वेतन काढण्याची पद्धत अशी : अपघातापूर्वीची सलग सेवा एका महिन्याहून कमी असेल तर त्याच मालकाकडे किंवा त्याच भागात तसेच काम करणाऱ्याची सरासरी घ्यायची; वर्षभराची असेल तर बारा महिन्यांच्या एकूण कमाईचा बारावा भाग; मधल्या प्रकारांत, त्या सलग काळातील एकूण कमाईला तिसाने गुणून त्या काळातल्या एकूण दिवसांनी भागायचे. चौदा दिवसांपेक्षा जास्त खंड पडला नसेल तर सेवा सलग मानतात. बाई निंदणीच्या वेळी, ऑगस्टच्या अखेरीस आली होती आणि अपघातापर्यंत चाळीस दिवस झाले होते.

वहिनींच्या वहीत मजुरांची नावे नव्हती. रोजची नोंद अशी : "५ पु., ७ बा. — ३,८५०." म्हणजे पुरुषाला साडेतीनशे, बाईला तीनशे. नावनिशी हजेरी नसल्याने बाईने चाळीसही दिवस काम केल्याचा दावा केला, आणि तो खोडून काढायला मालकाकडे थेट पुरावा नव्हता. वाचवले ते एका वेगळ्याच नोंदीने. वहिनींना पावसाच्या दिवशी "पाऊस, काम बंद" असे लिहून ठेवण्याची सवय होती आणि त्या चाळीस दिवसांत असे आठ दिवस निघाले. त्या दिवशी मुकादमाला मोबाईलवरून पैसेही गेलेले नव्हते. बत्तीस दिवसांवर दोन्ही पक्षांचे एकमत झाले.

दराचा प्रश्न त्याहून अवघड होता. थ्रेशरवर पुरुष आणि बाया एकच काम करत होते, पाळीपाळीने. १९७६ च्या समान मोबदला कायद्यानुसार सारख्या कामाला स्त्री म्हणून कमी रोज देता येत नाही. "इकडे सगळीकडे असेच चालते," हे दादांचे म्हणणे वस्तुस्थिती म्हणून खरे होते, बचाव म्हणून नव्हे. वकिलाने तीनशेऐवजी साडेतीनशेचा दर धरला आणि तो मान्य करावा लागला. बत्तीस दिवसांचे ११,२०० रुपये. तिसाने गुणून चाळिसाने भागल्यावर मासिक वेतन ८,४००. त्याचे साठ टक्के ५,०४०, गुणिले १८४.१७ म्हणजे ९,२८,२१७. त्याचे २० टक्के १,८५,६४३ रुपये. वहीतल्या पावसाच्या नोंदी नसत्या आणि चाळीसही दिवस धरले गेले असते तर हीच रक्कम २,३२,०५४ झाली असती. सहा शब्दांच्या आत लिहिलेल्या त्या नोंदींनी सेहेचाळीस हजार रुपये वाचवले, आणि नावनिशी हजेरी असती तर वादाला जागाच उरली नसती.

हा आकडाही अंतिम मानू नये. परिशिष्टातील टक्केवारीपेक्षा प्रत्यक्ष कमाईची हानी अधिक असल्याचे सिद्ध झाले तर अधिक भरपाई मिळू शकते. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबता या खटल्यात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता, आणि एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ते संपूर्ण अपंगत्व मानले. त्याच निकालाने हेही स्पष्ट केले की भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवशीच. आयुक्तांचा आदेश होईपर्यंत थांबायचे नसते. एका महिन्याच्या आत ती दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि उशिराला समर्थनीय कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. वर्षभराच्या उशिराचे व्याज २२,२७७ आणि दंडाची कमाल ९२,८२२ धरली तर दोघा भावांवरचा बोजा तीन लाखांच्या घरात जात होता. संपूर्ण रक्कम ऑक्टोबर २०२५ मध्ये व्याजासह, म्हणजे २,०७,९२०, आयुक्तांकडे जमा करून ज्ञापन नोंदवल्यामुळे दंडाची वेळ आली नाही. आधी दिलेले चाळीस हजार परत मागायचे नाहीत, असे दादांनी आपण होऊन ठरवले. रोजातील फरकाचे सोळाशे रुपये बाईला वेगळे दिले गेले.

नोटिशीत आणखी एक ओळ होती आणि तिने दादा सर्वांत जास्त हादरले. अपघातानंतर नवरा बाईला गावी न्यायला निघाला तेव्हा मुकादम दादांसमोर म्हणाला होता, "उचल फिटेपर्यंत बाकीच्यांनी इथेच थांबायचे," आणि दादांनी मान डोलावली होती. आगाऊ रक्कम देणे हा गुन्हा नाही. पण त्या रकमेच्या बदल्यात माणसाला काम सोडून जाता येत नसेल, किंवा किमान वेतनाहून कमी रोजावर राबावे लागत असेल, तर ती १९७६ च्याच वेठबिगारी निर्मूलन कायद्याच्या अर्थाने वेठबिगारी ठरू शकते, आणि तिची शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची आहे. १९८२ मध्ये, आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीवर करून घेतलेले काम हे घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने मना केलेली सक्तीची मजुरी मानले. सुदैवाने त्या बोलण्याच्या दुसऱ्याच दिवशी नवरा-बायको निघून गेले होते आणि टोळीतील कोणालाही प्रत्यक्ष अडवलेले नव्हते, म्हणून ती ओळ पुढे वाढली नाही. उचल द्यायचीच असेल तर ती प्रत्येक मजुराच्या नावाने, पावतीसह द्यावी आणि तिचा माणसाच्या येण्या-जाण्याशी संबंध जोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेडमधल्या निवडणीविषयी धाकट्या भावाने विचारलेला प्रश्न येथे नोंदवण्याजोगा आहे : लसूण निवडणे आणि पोती भरणे शेतीत येते का? किमान वेतन कायद्यातील शेतीची व्याख्या विस्तृत होती. शेतकऱ्याने शेतावर, शेतीला जोडून केलेली बाजारासाठीची तयारी आणि माल मंडीपर्यंत पोहोचवणे तीत येत असे. मात्र बटाट्याचे वेफर करून विकायला लागले, विजेवर चालणारी यंत्रे आली आणि दहा माणसे झाली, की १९४८ चा कारखान्यांचा कायदा दारात येत असे. मजुरांबरोबर येणाऱ्या मुलांच्या बाबतीतही एक गैरसमज आहे : शाळेनंतर किंवा सुटीत घरच्या कामाला मदत करण्याची सवलत मुलाच्या स्वतःच्या कुटुंबाच्या कामापुरती आहे, आपल्या शेतावर मजुराच्या चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावण्यासाठी नाही.

राज्य सरकारच्या संबल योजनेत नोंदणी असलेल्या असंघटित मजुराला अंशतः कायम अपंगत्वासाठी एक लाखाचे साहाय्य मिळते. दादांनी बाईचा अर्ज स्वतः भरून दिला, ते योग्यच केले. परंतु ते साहाय्य मालकाच्या भरपाईतून वजा होत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अमलात आल्या आहेत आणि वर उल्लेखिलेले भरपाई, किमान वेतन आणि समान मोबदला हे कायदे त्यांत सामावले गेले आहेत. २०२४ च्या अपघाताला जुनाच कायदा लागला. पुढच्या हंगामासाठी मात्र बदल समजून घ्यावे लागतील. किमान वेतनाच्या दाव्याची मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती, ती आता तीन वर्षांची आहे. पूर्ण वेतन दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आला आहे, म्हणून "५ पु., ७ बा." अशी नोंद आता पूर्वीहूनही अपुरी पडेल. काम सोडणाऱ्याचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघातही, कामाशी त्याचा संबंध प्रस्थापित झाल्यास, भरपाईस पात्र आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून टोळी आणणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावे.

दोघा भावांनी गव्हाच्या कापणीआधी मजुरांच्या भरपाईची विमा पॉलिसी घेतली. तिचा हप्ता जाहीर केलेल्या मजुरीवर ठरतो, म्हणून वहिनींनी नावनिशी हजेरीची वही सुरू केली : नाव, वय, आधार पाहिल्याची खूण, काम, रोज, उचल, हातात दिलेली रक्कम आणि सही किंवा अंगठा. उशिराबद्दलचा दंड सहसा विम्यातून मिळत नाही, त्यामुळे अपघात झाल्यास महिन्याच्या आत रक्कम जमा करण्याची जबाबदारी वहिनींनीच आपल्याकडे घेतली आहे. थ्रेशरच्या पन्हळीचे झाकण आता बोल्टऐवजी वेल्डिंगने बसवलेले आहे, आणि पीक ओले असेल तर मळणी एक दिवस पुढे ढकलायची, हे मुकादमाला लेखी दिलेले आहे.